राज्य गेले, बोली राहिली : कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीची कहाणी

खास प्रतिनिधी

सह्याद्रीत उगम पावलेली कुंडलिका नदी कोलाड आणि रोहा ही गावे मागे टाकून रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते. या मुखाच्या उत्तर तीरावर रेवदंडा आहे, तर दक्षिणेला समुद्रात लांबवर घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला उभा आहे. सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून येणारे पर्यटक किल्ला पाहतात, दीपगृहाजवळ छायाचित्रे काढतात आणि काशीद किंवा मुरूडच्या वाटेला लागतात. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ख्रिस्ती वस्तीतून जाताना कानावर पडणारी भाषा मराठी नाही आणि कोकणीही नाही, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात येते.

ही भाषा पोर्तुगीजपासून निघाली. तिचे व्याकरण मात्र बऱ्याच अंशी मराठीच्या वळणाचे आहे. बोलणारे तिला 'नोलिंग' म्हणतात. 'नोलिंग' म्हणजे आमची भाषा. अभ्यासक तिला 'क्रिस्ती' किंवा 'कोर्लई क्रिओल पोर्तुगीज' या नावांनी ओळखतात. तिचे भाषक साधारण हजाराच्या घरात आहेत. पोर्तुगीजांनी हा मुलूख १७४० साली सोडला, त्याला आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. तट ढासळले, मठांची छपरे कोसळली. वस्तीच्या तोंडची बोली मात्र तेवढी टिकली. ती टिकवणारे लोक राज्यकर्त्यांचे वंशज नव्हते. ते येथलेच साधे रहिवासी होते, आणि हीच या कहाणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

चौलचे बंदर

कोर्लईचा इतिहास चौलच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदरांत चौलची गणना होते. ग्रीक भूगोलकारांना ते ठाऊक होते. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी मसुदी याने 'सैमूर' या नावाने त्याचे वर्णन केले. रशियन व्यापारी अफनासी निकितीन हा १४६९ च्या सुमारास येथेच भारताच्या भूमीवर उतरला. त्याचे स्मारक आज रेवदंड्यात आहे.

पोर्तुगीजांचा चौलशी पहिला मोठा संबंध आला तो लढाईच्या निमित्ताने. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि गुजरातच्या मलिक अयाझची गलबते यांनी मिळून पोर्तुगीज ताफ्यावर हल्ला केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवच्या समुद्रात आल्मेदाने त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्रावरील पोर्तुगीज वर्चस्वाला प्रारंभ झाला.

चौल त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होते. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना खाडीच्या मुखाशी किल्ला बांधण्यास परवानगी दिली. निजामशहाला लष्करासाठी घोडे हवे होते आणि घोड्यांचा सागरी व्यापार पोर्तुगीजांच्या हाती गेला होता. उभयपक्षी सोयीचा असा हा करार होता. त्यातून दोन चौल निर्माण झाली. आतल्या बाजूला निजामशाहीचे 'वरचे चौल' आणि समुद्रालगत पोर्तुगीजांचे 'खालचे चौल', म्हणजेच आजचे रेवदंडा. आगरकोट या नावाने ओळखला जाणारा तेथील तट याच पोर्तुगीज शहराचा आहे. नारळ-पोफळीच्या वाड्या आज त्या तटाच्या आत नांदत आहेत.

पेण, रोहा आणि फिरंगी

मराठी कागदपत्रांत पोर्तुगीजांना 'फिरंगी' आणि त्यांच्या ताब्यातील उत्तर कोकणाला 'फिरंगाण' म्हटले जाई. त्यांची सत्ता किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यापुरती होती. आतल्या मुलखात पाय रोवण्याचे त्यांचे प्रयत्न फारसे टिकले नाहीत. पेण तालुक्यातील सांकशीचा किल्ला हे त्याचे बोलके उदाहरण. १५४० च्या सुमारास गुजरातच्या आणि निजामशहाच्या झगड्यात सांकशी आणि कर्नाळा हे दोन्ही किल्ले पोर्तुगीजांच्या हाती आले. परंतु समुद्रापासून दूर असलेले हे गड राखण्याचा खर्च मोठा आणि निजामशहाशी वैर परवडणारे नव्हते. अखेर वार्षिक खंडणीच्या बदल्यात त्यांनी दोन्ही किल्ले निजामशहाला देऊन टाकले. पेणचा डोंगरी भाग त्यामुळे फिरंगाणाच्या बाहेरच राहिला.

रोह्याचा संबंध निराळा होता. कुंडलिकेच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या थेट रोहा-अष्टमीपर्यंत येत. त्यामुळे हे गाव चौलच्या बंदराला घाटमाथ्याशी जोडणारा दुवा बनले होते. याचा एक प्रसिद्ध पुरावा शिवराज्याभिषेकाच्या वेळचा आहे. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाकडे निघाला. तो रात्री चौलला पोहोचला, तेव्हा पोर्तुगीज शहराचे दरवाजे बंद झालेले होते. वकिलाच्या मंडळींना ती रात्र वेशीबाहेरील सेंट सेबॅस्टियनच्या लहानशा चर्चमध्ये काढावी लागली. पुढे अष्टमी आणि निजामपूर या मार्गाने ते रायगडाला पोहोचले. इंग्रजी वृत्तान्तात अष्टमीचे नाव 'एस्थेमी' असे आले आहे.

या एका प्रसंगातून त्या काळच्या चौलचे चित्र स्पष्ट होते. तटाबाहेरही चर्च होती, त्यांच्या आसपास ख्रिस्ती वस्ती होती आणि मराठ्यांच्या धास्तीने शहराचे दरवाजे सूर्यास्तानंतर उघडत नव्हते. शिवछत्रपतींच्या पश्चात १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला. शहर पडले नाही, पण धास्ती खोटी नव्हती हे सिद्ध झाले.

मठांचे शहर

पोर्तुगीजांच्या राज्यविस्तारात धर्मप्रसार हा बाजूचा उद्योग नव्हता. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे आश्रयदातेपद दिले होते. या व्यवस्थेला 'पाद्रोआदो' म्हणत. बिशपची शिफारस राजाने करायची, चर्च राजाने बांधायची आणि पाद्रींचा खर्चही राजानेच सोसायचा, असा तो संकेत होता. शेजारच्या स्पेननेही अमेरिका आणि फिलिपिन्समध्ये अशीच व्यवस्था राबवली. इतकेच नव्हे, तर १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजांकडे होते. चौलचा कारभार लिस्बन आणि गोव्यातून चालत असला तरी त्या साठ वर्षांत त्याचा राजा माद्रिदमध्ये बसत होता.

चौलमध्ये प्रथम फ्रान्सिस्कन संन्यासी आले. त्यांच्यामागून डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन हे संघ आले. सोळावे शतक संपेपर्यंत तटाच्या आत मठ, चर्च, रुग्णालय आणि गरिबांना मदत करणारी मिझेरिकोर्दिया ही संस्था असे एक संपूर्ण धर्मनगर उभे राहिले. रेवदंड्यात आज दुरून दिसणारा उंच मनोरा हा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा. गावकरी त्याला 'सातखणी' म्हणतात. सेंट फ्रान्सिस झेवियर याने येथील एका चॅपेलमध्ये प्रवचन केल्याची परंपराही सांगितली जाते.

मठ हे केवळ उपासनेचे स्थान नव्हते. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला मोठा वेढा घातला, तेव्हा तटाबाहेरील मठ आणि घरे हेच बचावाचे मोर्चे बनले. एकेका इमारतीसाठी लढाई झाली. १५७१ च्या मध्यात तह होऊन वेढा उठला.

या धर्मप्रसाराची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणून ओळखले जाणारे धर्मन्यायालय स्थापन झाले. मधला १७७४ ते १७७८ हा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालू राहिले. उत्तरेकडील पोर्तुगीज मुलूखही त्याच्या अधिकारात होता. हिंदूंच्या सार्वजनिक उपासनेवर निर्बंध आले. देवळे पाडली गेली. धर्मांतरामागे काही ठिकाणी सक्ती होती, काही ठिकाणी आमिष होते, तर काही ठिकाणी जातीच्या जाचातून सुटण्याची आशा होती. चौलमध्ये धर्मांतरित झालेल्यांत तटाच्या आत कष्टाची कामे करणाऱ्या खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. शिपाई, नाविक आणि लहान अधिकारी यांच्या घरी चाकरी करताना, त्यांच्याशी सोयरीक होताना आणि चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना या लोकांनी पोर्तुगीज उचलली. ही शाळेतली पोर्तुगीज नव्हती. ती अंगणातली, गलबतावरची आणि स्वयंपाकघरातली होती.

कोर्लईचा डोंगर

खाडीच्या दक्षिणेकडील डोंगराला पोर्तुगीज 'मोर्रो' म्हणत. तो ज्याच्या ताब्यात, त्याच्या तोफांच्या टप्प्यात चौलचे बंदर, हे दोन्ही पक्ष जाणून होते. त्यामुळे सुरुवातीला तेथे कोणीच किल्ला बांधू नये असा समझोता होता. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने १५९२ च्या सुमारास तो मोडला आणि डोंगरावर तटबंदी उभारली. तेथून चौलवर तोफांचा मारा सुरू झाला. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी मोठ्या तयारीनिशी हल्ला करून डोंगर जिंकला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे हा किल्ला त्यांच्याकडे राहिला. डोंगराच्या लांबट माथ्यावर आडव्या भिंती घालून केलेले भाग, बुरूज, पाण्याचे टाके आणि चॅपेलचे अवशेष आजही पाहता येतात.

किल्ल्यावर शिबंदी होती, तिच्यासाठी पायथ्याशी घरे होती आणि घरांसाठी पाद्री होता. कोर्लईची ख्रिस्ती वस्ती अशी आकाराला आली. त्या वेळी ती चौलच्या वैभवशाली शहराचे एक लहानसे उपांग होती. मुख्य शहर नाहीसे होईल आणि उपांगच उरेल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

१७४० : सत्तांतर आणि मागे राहिलेले लोक

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरती कळा लागली होती. डच आणि इंग्रज यांनी पोर्तुगीजांचा सागरी व्यापार मोडला होता. १६६१ च्या विवाह-करारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. ती वाढली, तसे चौलचे व्यापारी आणि विणकर तिकडे सरकू लागले. १७३७ मध्ये मराठ्यांनी फिरंगाणाविरुद्ध मोहीम उघडली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसई पडल्यावर चौल आणि कोर्लई एकाकी पडले. अखेर मुंबईकर इंग्रजांच्या मध्यस्थीने बोलणी होऊन १७४० साली हे दोन्ही किल्ले मराठ्यांच्या स्वाधीन झाले. गोव्याच्या सासष्टीतून मराठी फौजा मागे घेतल्या जाव्यात, हा पोर्तुगीजांचा त्यामागील मोठा हेतू होता. दूरचे चौल देऊन त्यांनी जवळचे गोवे वाचवले.

अधिकारी, श्रीमंत घराणी आणि मठवासी गोवा, दमण यांसारख्या ठिकाणी निघून गेले. ज्यांना जाण्याची ऐपत नव्हती, किंवा ज्यांचे गणगोत आणि जमीन येथेच होती, ते मागे राहिले. चौलच्या आतबाहेर विखुरलेले हे गरीब ख्रिस्ती कोर्लईच्या पायथ्याशी एकवटले. नव्या सत्तेने त्यांना हुसकावून लावले नाही. वसईच्या शरणागतीच्या अटींतही ख्रिस्ती रहिवाशांच्या उपासनेची तरतूद होती. कोर्लईतही माउंट कार्मेलच्या मातेला वाहिलेले चर्च चालू राहिले. पुढे १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजी अंमल आला, तरी वस्तीच्या धार्मिक जीवनात मोठा फरक पडला नाही. पाद्रोआदोच्या व्यवस्थेखाली येथे पोर्तुगीज जाणणारे, बहुधा गोव्याकडचे पाद्री येत राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये होई. प्रवचन आणि प्रार्थना पोर्तुगीजमध्ये. हा क्रम विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकापर्यंत चालला.

बोली टिकण्याचे एक कारण चर्च हे होते. दुसरे कारण एकाकीपणा. उत्तरेला खाडी होती, पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीचे संस्थान. आसपासच्या गावांशी बाजारहाट आणि मजुरीचा संबंध होता, पण रोटीबेटीचा नव्हता. धर्म वेगळा, त्यात मूळ जातीचा शिक्का पुसला गेलेला नाही, अशा दुहेरी वेगळेपणामुळे लग्ने वस्तीतल्या वस्तीत होत. घरात नोलिंग आणि घराबाहेर मराठी, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. ज्या वेगळेपणाने या लोकांना कमी लेखले गेले, त्यानेच त्यांची भाषा राखली.

वसईशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. वसईतील ख्रिस्ती समाज संख्येने किती तरी मोठा. तेथे चर्चची परंपराही अखंड राहिली. परंतु आपल्या शेतीवाडीवर राहून धर्मांतरित झालेल्या या समाजाने सामवेदी, वाडवळी अशा आपल्या मूळ बोली सोडल्या नाहीत. याच समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मुंबई-ठाण्यातील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. त्यांच्याही घरात मराठीचीच बोलीरूपे होती. रेवदंडा, अलिबाग आणि पेण येथे सिनेगॉग बांधणाऱ्या बेने इस्रायली समाजाने धर्म जपला आणि भाषा मराठी घेतली. जिल्ह्यात धर्म आणि भाषा या दोन्ही बाबतींत वेगळी राहिलेली वस्ती म्हणून कोर्लईचे स्थान म्हणूनच लक्षणीय आहे.

बोलीची घडण

दोन भाषा बोलणारे लोक दीर्घकाळ एकत्र आले की कधी कधी त्यांच्या व्यवहारातून तिसरीच भाषा जन्म घेते आणि पुढच्या पिढीची ती मातृभाषा बनते. अशा भाषेला भाषाशास्त्रात 'क्रिओल' म्हणतात. क्रिओल म्हणजे मोडकी पोर्तुगीज किंवा अशुद्ध मराठी नव्हे. तिला स्वतःचे नियम असतात आणि तिच्यात चूक-बरोबर असते.

नोलिंगचा शब्दसंग्रह प्रामुख्याने पोर्तुगीज आहे. 'नोलिंग' हा शब्दच 'नोस्सा लिंग्वा' या पोर्तुगीज शब्दांचे झिजलेले रूप आहे. एक, दोन, तीन यांसाठी पोर्तुगीजमध्ये 'उम्, दोयश्, त्रेश्' म्हणतात. कोर्लईत ते 'उंग, दोय, त्रे' असे होते. वाक्याची ठेवण मात्र मराठी वळणाची. पोर्तुगीज माणूस 'पेद्रोचे घर' म्हणताना आधी घर म्हणतो आणि मग पेद्रो. कोर्लईचा माणूस मराठीप्रमाणे आधी पेद्रो म्हणतो, त्याला 'सू' हा षष्ठीदर्शक शब्द जोडतो आणि शेवटी घराचा उल्लेख करतो. क्रियापदही मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांना 'ऊ'कारान्त करून त्यांचा एक स्वतंत्र वर्गच या बोलीने बनवला आहे. मूळ पोर्तुगीजमध्ये असा वर्ग नाही. म्हणजे ही बोली पोर्तुगीजचा केवळ जुना ठेवा नव्हे. मराठीच्या सहवासात ती सतत नवे काही घडवत आली आहे.

देवघेव एकाच दिशेने झाली नाही, हेही मराठी वाचकाने लक्षात घ्यावे. पाव, बटाटा, काजू, पपई, अननस, कोबी, चावी, मेज, साबण, बादली, घमेले, पिंप, पगार, लिलाव आणि नाताळ हे शब्द मराठीने पोर्तुगीजमधूनच उचलले. हापूस आंब्याचे नावही 'आफोन्सो'वरून आले. फिरंगाणाची एक लहानशी शिल्लक आपण सर्वच जण रोज बोलत असतो. कोर्लईकरांनी तिचे मुद्दल राखले, इतकाच फरक.

उत्तर कोकणातील पोर्तुगीज बोलींकडे अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेले. मूळचे गोव्याचे भाषापंडित सेबाश्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये या बोलींवर निबंध प्रसिद्ध केला. कोर्लईच्या भाषेचा सखोल अभ्यास करण्याचे श्रेय अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांना जाते. वस्तीत राहून केलेल्या कामावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जगभरच्या भाषाशास्त्र विभागांत कोर्लईचे नाव घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते प्रामुख्याने किल्ल्यासाठीच ठाऊक आहे.

पूल, शाळा आणि रोजगार

साठीच्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभरच्या कॅथलिक चर्चने लॅटिनऐवजी लोकभाषांचा स्वीकार केला. रायगड जिल्ह्यात लोकभाषा म्हणजे मराठी. कोर्लईच्या चर्चमध्ये प्रार्थनेची भाषा मराठी झाली आणि पोर्तुगीजशी असलेला शतकांचा धागा तुटला. निर्णय रास्त होता. प्रार्थना कळावी हाच त्याचा हेतू. परंतु ज्यांची घरची भाषा ना लॅटिन, ना मराठी, अशा वस्तीला त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागली. शाळाही मराठीच होती. नोलिंगला लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही आणि घराबाहेर व्यासपीठही नाही.

१९८६ मध्ये रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा पूल झाला. तोवर खाडी ओलांडायची तर तरीने, नाही तर रोह्याला वळसा घालून. पुलामुळे अलिबाग जवळ आले, दवाखाना जवळ आला, कॉलेज जवळ आले. साळावला पोलाद उद्योग आला, काशीद-मुरूडचे पर्यटन वाढले आणि तरुण मुंबई-पुण्याकडे जाऊ लागले. या सोयींबद्दल कोणी तक्रार करणार नाही. पण ज्या एकाकीपणाने बोली राखली होती, तो संपला. जनगणनेतही या बोलीची स्वतंत्र नोंद दिसत नाही. दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावे १९७१ पासून तक्त्यांत वेगळी दिली जात नाहीत. हजारभर लोकांची भाषा 'इतर' या रकान्यात जाते.

धोका काल्पनिक नाही. केरळमध्ये कोचीजवळ वायपीन येथे अशीच एक पोर्तुगीज क्रिओल बोलली जाई. तिचा अखेरचा अस्खलित भाषक २०१० मध्ये वारला आणि त्याच्याबरोबर ती बोलीही गेली. दमण आणि दीव येथील बोली अजून आहेत, पण त्यांचेही भाषक थोडे आहेत. उलट फिलिपिन्समधील झाम्बोआंगा येथे स्पॅनिशपासून निघालेली चाबाकानो ही क्रिओल लाखो लोकांच्या तोंडी आहे. शहराची भाषा झालेली बोली वाढते. वस्तीपुरती उरलेली बोली वस्तीच्याच निर्णयावर अवलंबून राहते.

काय जपायचे?

स्पेनने १७६९ ते १८२३ या काळात आजच्या कॅलिफोर्नियात एकवीस मिशन उभारली. त्यांतील अनेक इमारती आज दुरुस्त करून जपल्या आहेत आणि पर्यटक त्या पाहायला जातात. ज्या मूळ रहिवाशांकडून त्या बांधून घेतल्या गेल्या, त्यांच्या अनेक भाषा मात्र बोलणाऱ्यांअभावी मुक्या झाल्या. कोर्लईत नेमके उलटे घडले. चौलचे मठ पडले आणि त्यांच्या सावलीत वाढलेल्या सामान्यांची भाषा राहिली. तिच्यात सत्तेचा दरारा नाही. त्यात आहे ती चाकरी करणाऱ्या, शेत कसणाऱ्या, मुलांना निजवणाऱ्या माणसांनी दोन भाषांच्या मधोमध काढलेली स्वतःची वाट.

भाषा जपण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. मुलाला मराठी आणि इंग्रजी यावी असे कोर्लईच्या आईबापांना वाटत असेल, तर ते इतर कोणाही आईबापांसारखेच आहे. पण घरात एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणे ही या देशात नवलाची गोष्ट नाही. वृद्धांच्या तोंडची गाणी, गोष्टी, म्हणी आणि प्रार्थना ध्वनिमुद्रित करणे, देवनागरीत त्या लिहून ठेवणे आणि गावातल्या मुलांना त्या उपलब्ध करून देणे हे काम फार खर्चाचे नाही. किल्ल्याच्या माहितीफलकावर पायथ्याच्या बोलीविषयी चार ओळी लिहिणे तर त्याहून सोपे. पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. बोलणारे गेल्यावर बोली पुन्हा उभी करता येत नाही.

कसे जाल?

मुंबईहून पेण, वडखळमार्गे अलिबाग आणि तेथून सुमारे १७ किलोमीटरवर रेवदंडा. तेथून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याने थोड्याच अंतरावर कोर्लई आहे. रेल्वेने यायचे असल्यास रोहा स्थानकावर उतरून खाडीच्या दक्षिण काठाने साळावकडे येता येते. किल्ला सकाळी पाहावा, कारण डोंगरावर सावली कमी आहे. रेवदंड्याच्या आगरकोटातील चर्चचे अवशेष आणि सातखणी मनोरा याच फेरीत पाहता येतो. वस्तीतून जाताना मात्र ती प्रेक्षणीय स्थळ नसून लोकांचे राहते गाव आहे, याचे भान ठेवावे.